आलेफ ते ताव : बावीस अक्षरांची मर्यादा

प्रस्तावना

हिब्रू बायबलात डझनभराहून थोड्या अधिक कविता अशा आहेत, की त्यांच्या ओळींची पहिली अक्षरे वरून खाली वाचत गेले तर हिब्रू वर्णमाला हाती लागते. पहिला चरण आलेफने सुरू होतो, दुसरा बेथने, तिसरा गीमेलने आणि बाविसाव्या ताव या अक्षराशी कविता थांबते. स्तोत्रसंहितेतील २५, ३४, ३७, १११, ११२, ११९ आणि १४५ ही स्तोत्रे, मुळात एकच कविता असावी अशी ९ व १० या स्तोत्रांची जोडी, नीतिसूत्रांच्या अखेरच्या अध्यायातले गुणवती गृहिणीचे वर्णन आणि विलापगीतांचे पहिले चार अध्याय हे या रचनेचे मुख्य नमुने. नहूम संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायातही निम्म्या वर्णमालेपर्यंत गेलेला एक मोडका क्रम अनेक अभ्यासकांना दिसतो. एका अक्षराच्या वाट्याला किती मजकूर यावा, हे मात्र कवीच्या हातात असते. स्तोत्र १११ आणि ११२ मध्ये अर्ध्या ओळीला एक अक्षर आहे, १४५ मध्ये एका श्लोकाला एक, ३७ मध्ये साधारणपणे दोन श्लोकांना एक. स्तोत्र ११९ मध्ये तर एकाच अक्षराने सुरू होणारे सलग आठ श्लोक येतात. बावीस अक्षरे आणि प्रत्येकी आठ श्लोक असे एकूण १७६ श्लोक भरतात, आणि त्यामुळे हा बायबलातला सर्वांत मोठा अध्याय झाला आहे. मराठी भाषांतरात यातले काहीच कानाला जाणवत नाही. अर्थ पोचतो, पण अर्थ ज्या सांगाड्यावर उभा होता तो मागे राहतो. हा सांगाडा केवळ शोभेचा असता तर त्याच्यासाठी स्वतंत्र प्रस्तावना लिहिण्याचे कारण नव्हते. तो शोभेचा नव्हता, आणि पाठांतराच्या सोयीपुरताही नव्हता, हे दाखवणे एवढाच या लेखनाचा हेतू आहे.

अक्षरे गुंफून स्तोत्र रचण्याची रीत मराठी वाचकाला परकी नाही. शिवपंचाक्षर स्तोत्राची पाच कडवी न, म, शि, वा, य या अक्षरांनी सुरू होतात, हे ते म्हणणाऱ्या घराघरांत ठाऊक असते. वाल्मीकीच्या चोवीस हजार श्लोकांत दर हजाराला गायत्री मंत्राचे एकेक अक्षर येते अशी श्रद्धा आहे, आणि तेवढे चोवीस श्लोक वेगळे काढून त्यांचे गायत्री रामायण म्हटले जाते. मोरोपंतांनी रामकथेचे जे नाना खेळ केले, त्यांतल्या मंत्ररामायणात तेरा अक्षरी राममंत्र आर्यांमधून ओवला आहे, तर निरोष्ठ रामायणात ओठ मिटावे लागणारी अक्षरेच टाळली आहेत. महानुभाव पंथातल्या महदंबेने तेराव्या शतकात रचलेले मातृकी रुक्मिणीस्वयंवर तर थेट मूळाक्षरांच्या क्रमाने चालते. उत्तरेकडे कबीराच्या नावावरचा ज्ञान-चौंतीसा, जायसीचा अखरावट, गुरू नानकांची पट्टी आणि पूर्वेला ओडिया चौतिसा ही याच कुळातली मंडळी. मात्र या यादीत दोन वेगळ्या जाती मिसळल्या आहेत. पंचाक्षर स्तोत्र किंवा मंत्ररामायण यांतली अक्षरे जोडली की काहीतरी उमटते : मंत्र, नाम, देवता. प्राचीन बाबिलोनमध्येही हाच प्रकार होता. बाबिलोनी थिऑडिसी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, दुःख आणि न्याय यांवरच्या संवादकाव्यात अकरा ओळींची सत्तावीस कडवी आहेत. त्यांची आद्याक्षरे जोडली की रचनाकाराचे नाव, त्याचा मांत्रिकाचा व्यवसाय आणि देव व राजा यांच्यावरची त्याची निष्ठा वाचता येते. हिब्रू बायबलातल्या कविता यांपैकी काहीच सांगत नाहीत. त्यांच्या आद्याक्षरांतून नाव निघत नाही, मंत्र निघत नाही, संदेश निघत नाही. निघते ती फक्त वर्णमाला, म्हणजे कोणत्याही साक्षर माणसाला आधीच पाठ असलेली गोष्ट.

या कवितांचे खरे वैशिष्ट्य इथेच आहे, असे मला वाटते. ज्या रचनेत काही लपवलेले नसते, तिथे रचनाच बोलत असते. आता ही रचना काय बोलते, याचे नेहमीचे उत्तर ‘संपूर्णता’ असे दिले जाते. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत गेलो म्हणजे सर्व काही सांगून झाले, असा त्याचा भाव. हे उत्तर जुने आहे आणि त्याला आधारही आहे. तालमूद या यहुदी ग्रंथात धर्मशास्त्र आलेफपासून तावपर्यंत पाळणाऱ्या माणसांचा उल्लेख येतो आणि तिथे अर्थ ‘पूर्णपणे पाळणारे’ असाच आहे. तरीही मूळ कविता लक्षपूर्वक वाचल्या तर हे उत्तर अपुरे पडते. या कवी मंडळींनी जे विषय निवडले त्यांची जात पाहा : ईश्वराची थोरवी, त्याचे नियम, उद्ध्वस्त नगरीचे दुःख, दुर्जनांची भरभराट पाहून होणारी तगमग, राबणाऱ्या गृहिणीचे न संपणारे काम. यांतला एकही विषय सांगून संपणारा नाही, आणि कवींना ते पुरते ठाऊक होते. म्हणून माझे म्हणणे असे, की अक्षरक्रम हा संपूर्णतेचा दावा नसून मर्यादेचा स्वीकार आहे. जे बोलून संपणार नाही त्याला कुठेतरी थांबवायचे, पण थांबण्याची जागा आपल्या मर्जीने ठरवायची नाही, या पेचातून या कवींनी अक्षरांच्या साहाय्याने वाट काढली. अक्षरे संपली की कविता संपते. विषय संपला असे कवी कुठेच म्हणत नाही.

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा स्तोत्र १४५ मध्ये आहे. हे शुद्ध स्तवन आहे, त्यात मागणे जवळजवळ नाही. तिसऱ्याच श्लोकात, म्हणजे गीमेल या अक्षरापाशी, कवी सांगून टाकतो की ईश्वराच्या थोरवीचा थांग लागत नाही. इतके मान्य केल्यावर पुढची अक्षरे मोजत जाण्याचे कारण संपूर्ण वर्णन हे असूच शकत नाही. ते अशक्य आहे हे सुरुवातीलाच सांगून झाले आहे. स्तोत्र ११९ चा शेवट याहून बोलका आहे. १७५ श्लोक नियमशास्त्राच्या प्रेमाला वाहिलेले आहेत. आज्ञा, विधी, वचन, निर्बंध अशा सुमारे आठ समानार्थी शब्दांपैकी एखादा जवळजवळ प्रत्येक श्लोकात येतो. इतका निष्ठेचा पाठ झाल्यावर, तावच्या आठव्या आणि अखेरच्या श्लोकात बोलणारा म्हणतो की मी हरवलेल्या मेंढरासारखा भटकलो आहे, मला शोधून काढ. संपूर्णता दाखवायची असती तर हा श्लोक सगळ्यांत वाईट जागी पडला आहे. मर्यादा दाखवायची असेल तर याहून योग्य जागा दुसरी नाही : अक्षरे सगळी वापरून झाली, माणूस मात्र अजून वाटेतच आहे. स्तोत्र १११ आणि ११२ ही जोडीही याच दृष्टीने वाचावी. दोन्ही दहा श्लोकांची, दोन्ही बावीस अर्ध्या ओळींची. पहिल्यात ईश्वराची कृत्ये, दुसऱ्यात त्याचे भय बाळगणाऱ्या माणसाचे वागणे. पहिल्यात ईश्वराला लावलेली काही विशेषणे दुसऱ्यात त्या माणसाकडे येतात. एकाच मापात दोघांना बसवल्याने दोघांमधले साम्य दिसते आणि अंतरही.

विलापगीतांत या मर्यादेची खरी कसोटी लागते. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबिलोनच्या सैन्याने यरुशलेम जाळले, मंदिर पाडले, लोकांना हद्दपार केले. त्या विनाशावरच्या या पाच कविता आहेत. पहिल्या दोन अध्यायांत बावीस श्लोक, प्रत्येकी तीन चरणांचे, आणि पहिल्या चरणाला क्रमाने एकेक अक्षर. तिसऱ्या अध्यायात बांधणी घट्ट होते : तिन्ही चरण त्याच अक्षराने सुरू होतात, म्हणून श्लोकांची संख्या ६६. चौथ्यात श्लोक पुन्हा बावीस, पण चरण दोनच. पाचव्यातही श्लोक बावीसच आहेत, पण अक्षरक्रम नाही. हा उतार अपघाताने आलेला वाटत नाही. दुःख एका मापात धरले जाते, मग ते माप तिप्पट आवळले जाते, मग सैल होते आणि शेवटी मापाची फक्त संख्या उरते, अक्षरे गळून पडतात. पुस्तकाचा शेवटही सांत्वनाचा नाही. तू आम्हांला कायमचे टाकलेस काय, अशा शंकेशी तो येऊन थांबतो. उपासनेत ही कविता वाचून झाल्यावर त्या शंकेवर शेवट होऊ नये म्हणून तिच्या आधीचा श्लोक पुन्हा म्हणण्याची रीत आहे. ज्यांनी ही रीत घातली त्यांना कवितेचा शेवट अपुरा वाटला, याचाच तो पुरावा. म्हणजे चार वेळा संपूर्ण वर्णमाला ओलांडूनही दुःख संपूर्ण सांगून झाले नाही. तरीही, आणि इथे रचनेचे सामर्थ्य आहे, प्रत्येक वेळी ते बाविसाव्या अक्षराशी थांबवले गेले. आक्रोशाला स्वतःची शिस्त नसते. इथे ती बाहेरून, शाळेत शिकलेल्या क्रमातून आणली आहे.

या मांडणीवरचा पहिला आणि सर्वांत प्रचलित आक्षेप असा, की हे सगळे फार गूढ झाले, अक्षरक्रम ही पाठांतराची साधी युक्ती होती. पुढचा श्लोक आठवत नसेल तर पुढचे अक्षर आठवावे. या स्पष्टीकरणात तथ्याचा अंश आहे, पण ते कवितांना पुरत नाही. स्तोत्र ११९ मध्ये एका अक्षराचे आठ श्लोक आहेत आणि त्या आठांचा आपसातला क्रम अक्षरावरून मुळीच कळत नाही. पाठ करणाऱ्याची अडचण तिथे वाढते, कारण आठही श्लोक सारखेच सुरू होतात आणि आशयही जवळपास सारखाच. दुसरीकडे, ज्यांना अशा मदतीची गरज होती त्यांना ती दिलेली नाही. इस्राएलचा इतिहास सांगणारे आणि पुढच्या पिढीला शिकवा असे बजावणारे स्तोत्र ७८ हे ७२ श्लोकांचे आहे, पण त्यात अक्षरक्रम नाही. दहाच श्लोकांच्या स्तोत्र १११ मध्ये तो आहे. जुन्या वाचकांनीही या रचनेकडे आठवणीची सोय म्हणून पाहिलेले दिसत नाही. स्तोत्र १४५ रोज तीनदा म्हणणाऱ्याला परलोकाची खात्री का, असा प्रश्न तालमूदच्या बराखोथ या भागात येतो. अक्षरक्रमामुळे म्हणावे तर स्तोत्र ११९ मध्ये तो आठपट आहे. सर्व प्राणिमात्रांना अन्न देणाऱ्याचा उल्लेख आहे म्हणून म्हणावे, तर तो स्तोत्र १३६ मध्येही आहे. शेवटी निर्वाळा असा दिला जातो की १४५ मध्ये या दोन्ही गोष्टी एकत्र आहेत. अक्षरक्रम हा इथे अन्नदात्याच्या स्तुतीच्या तोडीचा गुण म्हणून तराजूत घातला आहे.

पाठांतराच्या स्पष्टीकरणाला आपल्या कोकणातूनही एक विचार करायला लावणारे उत्तर मिळते. बेने इस्राएल या यहुदी समाजाची परंपरा सांगते, की त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याशी फुटले, सात जोडपी वाचली आणि धर्मग्रंथ समुद्रात गेले. पुढे शतकानुशतके हे लोक रायगडच्या गावांत तेलाचे घाणे चालवीत राहिले, शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून शनवार तेली म्हणवले गेले, मराठी बोलू लागले. हिब्रू विसरली, पण एक प्रार्थना टिकली. ती म्हणजे ईश्वर एकच आहे असे सांगणारी शमा, जी जन्मापासून मरणापर्यंत प्रत्येक प्रसंगी म्हटली जाई. तिच्यात अक्षरक्रम नाही. वर्णमालेच्या दोरीने बांधलेली स्तोत्रे मात्र उरली नाहीत. हा पुरावा निर्णायक आहे असे मी म्हणणार नाही. कोणत्या काळी कोणते स्तोत्र रोजच्या पाठात होते हे वेगवेगळे आहे, आणि परंपरेतली कथा म्हणजे दप्तरातली नोंद नव्हे. पण त्यातून एक तत्त्व स्पष्ट होते. वर्णमालेचा आधार ज्याला वर्णमाला येते त्यालाच मिळतो. लिपी गेली की हा आधारही जातो, आणि जे केवळ तोंडी टिकायचे ते पुनरुक्तीने आणि विधीने टिकते. अक्षरक्रमाची कविता ही म्हणूनच निरक्षरांच्या सोयीसाठी निघालेली नाही. ती लिहिणाऱ्यांच्या ओट्यावर जन्मली आहे.

त्या ओट्याच्या खुणा जमिनीतून वर आल्या आहेत. १९७६ मध्ये इस्राएलमधील इझबेत सार्ता येथे मडक्याचे एक खापर सापडले. त्यावर इ.स.पू. अकराव्या शतकाच्या आसपास कुणीतरी, बहुधा गिरवणाऱ्या शिकाऊ हाताने, वर्णमाला खोदली आहे. त्या खापरावर पे हे अक्षर अयिनच्या आधी येते, नेहमीच्या क्रमाच्या उलट. सिनाईतील कुंतिल्लत अजरूद येथील, इ.स.पू. ८०० च्या सुमाराच्या वर्णमालांतही पे आधी आहे. आता विलापगीते उघडली, तर दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या अध्यायात नेमका हाच पे-अयिन क्रम दिसतो. पहिल्या अध्यायात छापील हिब्रू पाठात क्रम नेहमीचा आहे, पण मृत समुद्राजवळ सापडलेल्या एका प्रतीत तिथेही पे आधी येते. तालमूदकारांनी या उलट्या क्रमाला एक नैतिक कारण दिले होते : पे म्हणजे मुख, अयिन म्हणजे डोळा, आणि वचनदत्त भूमी पाहायला गेलेल्या हेरांनी डोळ्यांनी न पाहिलेले मुखाने सांगितले, म्हणून मुख आधी आले. हे स्पष्टीकरण चतुर आहे, पण खापराने दिलेले उत्तर अधिक साधे आहे. एकेकाळी वर्णमाला दोन क्रमांनी शिकवली जात होती, आणि कवी आपल्या शाळेचा क्रम पाळत होता. उगारित येथील इ.स.पू. तेराव्या शतकाच्या मातीच्या पाट्यांत अयिन आधी आहे, म्हणजे दुसरी परंपराही तितकीच जुनी. माझ्या मुद्द्याच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट अशी : हा क्रम कवीने घडवलेला नाही, त्यात कसला ध्वनिशास्त्रीय तर्कही नाही. आपल्या वर्णमालेत कंठापासून ओठांपर्यंतची वाटचाल आहे, स्वर वेगळे आणि व्यंजने वेगळी. हिब्रू क्रम तसा नाही. तो केवळ परंपरेने मिळालेला आहे, आणि बाहेरून स्वीकारलेली मर्यादा म्हणून तो इतका उपयोगी पडला तो याच कारणाने.

दुसरा आक्षेप गाळलेल्या अक्षरांचा आहे. मर्यादा इतकी पवित्र होती तर ती इतक्या ठिकाणी मोडलेली का? स्तोत्र १४५ मध्ये छापील हिब्रू पाठात नून नाही. २५ आणि ३४ मध्ये वाव नाही आणि तावनंतर पेने सुरू होणारा एक जास्तीचा श्लोक आहे. ९-१० मध्ये तर मधली बरीच अक्षरे विस्कटलेली आहेत. इथे प्रत्येक प्रकरण वेगळे तपासले पाहिजे. नूनच्या अभावाचे कारण तालमूदमध्ये रब्बी योहानान देतो : त्या अक्षराने इस्राएलच्या पतनाचे एक वचन सुरू होते, म्हणून दावीदाने ते टाळले. पण १९५६ मध्ये मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या अकराव्या गुहेत सापडलेल्या स्तोत्रांच्या गुंडाळीत नूनचा श्लोक आहे, आणि जुन्या ग्रीक व सिरियाई भाषांतरांतही आहे. तो मूळचा की कुणी नंतर भरून काढलेला, यावर आजही मतभेद आहेत. पण नकलताना एखादा श्लोक गळणे किंवा कुणाला खटकून तो भरला जाणे, या दोन्हींतून एवढेच सिद्ध होते की वाचणाऱ्यांना क्रमाची अपेक्षा होती. २५ आणि ३४ यांची गोष्ट निराळी. वाव काढल्यावर अक्षरे एकवीस उरतात, आणि त्यांच्या बरोबर मध्यावर लामेद येते. मग अखेरीस पे जोडला की सुरुवात, मध्य आणि शेवट मिळून आ-ल-फ, म्हणजे पहिल्या अक्षराचेच नाव, उभे राहते, आणि श्लोकांची बेरीज पुन्हा बावीस होते. दोन वेगळ्या स्तोत्रांत हे सारखेच घडले असल्याने योगायोग म्हणून ते सोडून देता येत नाही. मर्यादा इथे मोडलेली नाही, तिच्या आत राहून हलवलेली आहे. ९-१० मात्र खरोखरच बिघडलेली आहे, आणि तिच्यावर कोणतीही नाजूक उपपत्ती लादण्यापेक्षा प्रत खराब झाली एवढे म्हणणे प्रामाणिक ठरेल.

तिसरा आक्षेप रसिकाचा आहे : अक्षराला अक्षर जुळवत लिहिलेली कविता कृत्रिम असते, तिथे भावनेला जागा कुठली? स्तोत्र ११९ हे कंटाळवाणे, यंत्रवत आहे असे अनेक समीक्षकांनी म्हटले आहे आणि सलग १७६ श्लोक वाचणाऱ्याला ते पूर्ण खोटे वाटणार नाही. आपल्याकडेही मोरोपंतांच्या शब्दखेळांवर असाच आरोप झाला. पण बंधन आणि भावना यांचे वैर गृहीत धरण्याआधी बंधन प्रत्यक्षात काय करते ते पाहावे. हिब्रूत वावने सुरू होणारे शब्द जवळजवळ नाहीत. ‘आणि’ या अर्थाचे उभयान्वयी अव्यय तेवढे वावने जोडले जाते. त्यामुळे वावच्या जागी आलेला कवी नवे वाक्य सुरू करूच शकत नाही, त्याला मागचे पुढे न्यावे लागते. स्तोत्र ११९ मधील वावचे आठही श्लोक ‘आणि’ने सुरू होतात, आणि तिथे तुटक सूत्रांची मालिका थांबून एक सलग, धावती विनवणी तयार होते. गृहिणीच्या वर्णनात अक्षरक्रमामुळे कामांचा क्रम तर्काने लागत नाही : लोकर, शेत, दिवा, चाती, गरिबाला दिलेला हात, नवऱ्याची वेशीवरची प्रतिष्ठा हे सारे एकमेकांत मिसळते. घरातले काम असेच मिसळलेले असते. विलापगीतांतही घटना कालक्रमाने येत नाहीत. भुकेली मुले, कोसळलेले तट, हसणारे शेजारी हे अक्षर येईल तसे येतात, आणि धक्का बसलेल्या माणसाची आठवण अशीच चालते. कथानकाचा क्रम काढून घेतल्यावर उरणारी पोकळी वर्णमाला भरते. भावना तिथे कमी झालेली नाही, तिला कथेच्या सोयीस्कर शेवटापासून वाचवले आहे.

या अक्षरांचा मराठी मुलखाशी आलेला संबंध ध्यानात घेतला, तर हा विषय दूरदेशीचा राहत नाही. नवी मुंबईतील पावण्यालगतच्या ठाणे-बेलापूर रस्त्याच्या उत्तर टोकाला ठाण्यात १८७९ चे शआर हशामाईम हे सिनेगॉग आहे आणि दक्षिणेला पनवेलमध्ये १८४९ चे बेथ एल. मुंबईतले पहिले सिनेगॉग सॅम्युअल दिवेकर यांनी १७९६ मध्ये बांधले. त्या काळापासून कोचीनहून आलेल्या शिक्षकांच्या मदतीने मराठी घरांत हिब्रू अक्षरे पुन्हा गिरवली जाऊ लागली. मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचे प्राथमिक व्याकरण मराठीतून छापले. १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात वल्हांडण सणाची हगादा ही पोथी मराठी भाषांतरासह निघाली. जोसेफ इझिकिएल राजपूरकर (१८३४-१९०५) यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. हाईम सॅम्युअल केहीमकर यांनी आपल्या समाजाच्या इतिहासात, मंदिराच्या विनाशाचा शोकदिवस कोकणात बिरड्याचा सण म्हणून पाळला जात असल्याचे नोंदवले आहे. त्या दिवशी मांसाहार वर्ज्य असे आणि वालाचे बिरडे केले जाई. ज्या दिवशी जगभरच्या सिनेगॉगांत विलापगीते वाचली जातात, तोच हा दिवस. ख्रिस्ती बाजूनेही धागा आहे. लॅटिन उपासनेत पवित्र सप्ताहात विलापगीते गाताना प्रत्येक श्लोकाआधी आलेफ, बेथ, गीमेल ही हिब्रू अक्षरनामेच आळवून गायली जात, आणि वसई-गोव्यातल्या चर्चची उपासनाभाषा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (१९६२-६५) लॅटिनच होती. लॅटिन श्लोकांत अक्षरक्रम उरलेला नव्हता, तरी भाषांतरकारांनी अक्षरांची नावे टाकली नाहीत. त्यांना ती अर्थाचा भाग वाटली. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्याचे काम आयुष्याच्या अखेरपर्यंत केले. ते त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये छापून निघाले.

यातून भाषांतराचा प्रश्न उभा राहतो. इंग्रजीत रोनाल्ड नॉक्स यांनी आपल्या बायबलात या कवितांना इंग्रजी वर्णक्रमाने पुन्हा बांधले. मराठीत क, ख, ग लावून तसे करावे काय? करता येईल, पण करू नये असे माझे मत आहे, आणि ते केवळ अडचणीमुळे नाही. अडचणी आहेतच : ङ, ञ, ण, ळ यांनी मराठी शब्द सुरू होत नाहीत, आणि चौंतीसा लिहिणाऱ्या कवींनीही अशा ठिकाणी अक्षराचे नावच शब्द म्हणून वापरून वेळ मारून नेली आहे. खरी हरकत निराळी आहे. आपल्या परंपरेत अक्षरे स्वतःच मातृका आहेत, देवता आहेत. प्रत्येक वर्णाला बीजमंत्राचे वजन आहे. मराठी वर्णक्रमात बांधलेले स्तोत्र ऐकताना कान अक्षराचे सामर्थ्य शोधू लागतो. हिब्रू स्तोत्रांत सामर्थ्य एकेका अक्षरात नसून ती ओळीने संपत जाण्यात आहे. मराठी क्रमाच्या पोटात ते दडपले जाईल. त्यापेक्षा समासात हिब्रू अक्षराचे नाव छापावे, बावीस घटक वेगळे दिसतील अशी मांडणी ठेवावी, आणि भाषांतर अर्थाला व लयीला प्रामाणिक असावे. वाचकाला मग प्रत्येक क्षणी कळत राहील की आपण कुठवर आलो आणि किती उरले. ही जाणीव म्हणजेच या कवितांचा निम्मा परिणाम.

पुढील वाचनासाठी एकच सूचना करतो. या कवितांत तर्काची साखळी किंवा कथेचा चढाव शोधू नये; तो नाही म्हणून त्या विस्कळीत आहेत असेही समजू नये. प्रत्येक कविता उघडताना आधी तिचा विषय पाहावा आणि तो कधी संपेल काय असे स्वतःला विचारावे. मग बावीस टप्पे मोजत जावे, आणि शेवटच्या टप्प्याशी कवी काय म्हणतो ते नीट ऐकावे. बहुतेक ठिकाणी तो समारोप करत नाही, मागणे मागतो, शंका विचारतो किंवा स्तवन पुढच्या माणसाकडे सोपवतो. स्तोत्र १४५ चा शेवटचा श्लोक सर्व देहधारी युगानुयुग स्तुती करोत असे म्हणतो, म्हणजे स्वतःची अक्षरे संपल्यावर उरलेले काम तो इतरांवर टाकतो. प्राचीन धार्मिक काव्याबद्दल आपला एक समज असतो की ते ठाम असते, त्याला सर्व उत्तरे ठाऊक असतात. या कवितांचा पुरावा त्या समजाविरुद्ध आहे. अनंताविषयी बोलणाऱ्या माणसाने आपल्या बोलण्याला कुंपण घालावे आणि ते कुंपण सर्वांच्या ओळखीचे, लहान मुलाच्या पाटीवरचे असावे, हा त्यांच्या कर्त्यांचा निर्णय होता. त्यात नम्रता आहेच, पण कारागिरीचा आत्मविश्वासही आहे : बावीस अक्षरांत सर्व काही मावत नाही हे मान्य करून, त्या बावीसांपैकी एकही वाया जाऊ द्यायचे नाही.

पावणे, नवी मुंबई